दहा मैलांचं देणं

"तुमचा धाकटा दिवसातून केव्हा किरकिर करायला लागतो?"

अ‍ॅपलाचियन ट्रेलचा कुठला तुकडा निवडावा हे विचारायला मी नकाशा घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. दुसरा माझ्या वडिलांबद्दल होता: जिना उतरताना ते कठड्याला हात लावतात का? तिसरा, घरात सगळ्यात कमी पाणी कोण पितं? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत त्यांनी मला नकाशाची घडी उलगडू दिली नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. आमच्या घरात त्यांना 'पावणं' म्हणतात. हे नाव माझ्या वडिलांनी, आण्णांनी, दिलं आणि मुलांनी त्याचं 'पावणेआजोबा' केलं. ते अमेरिकन होते, सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर शाळेची बस चालवलेले. कानावर कायम पेन्सिल असायची.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या पायवाटांपैकी एक आपल्या घरापासून दीड तासावरून जाते, हे इथे येऊन दहा वर्षं होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून गेलेली ही वाट साधारण २,१९० मैलांची, म्हणजे सुमारे ३,५०० किलोमीटरची आहे. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती सलग झाली. झाडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात. पांढरा पट्टा म्हणजे मुख्य वाट, निळा म्हणजे बाजूला पाण्याकडे किंवा निवाऱ्याकडे जाणारी वाट, आणि एकावर एक दोन पांढरे पट्टे दिसले की पुढे वळण आहे. सगळी वाट एका दमात चालणारे पाच-सहा महिने काढतात. नोकरी आणि शाळा सांभाळणाऱ्या घराच्या वाट्याला तुकडाच येतो. न्यू जर्सीत ही वाट ७२ मैल आहे. त्यातले किती आणि कुठले मैल, एवढाच आमच्यापुढचा प्रश्न होता, आणि मी तो पहिल्या खेपेला पूर्ण चुकवला होता.

२०१७ च्या ऑगस्टमधली गोष्ट. कॉलेजात असताना राजगड-तोरणा केला होता, त्याच्या जोरावर मी कल्व्हर्स गॅप ते डेलावेअर वॉटर गॅप असा २८ मैलांचा तुकडा निवडला. किटाटिनी डोंगराचा माथा, दोन्हीकडे दऱ्या, फोटो पाहिले तर डोळे निवतील असे. दिवस तीन होते म्हणून मी २८ ला तीनने भागलं. त्या भागाकारात पाच वर्षांचा मुलगा कुठेच नव्हता. ऑगस्टमध्ये त्या माथ्यावरचे झरे आटतात, हेही नव्हतं. नकाशावर जिथे पाण्याची खूण होती तिथे पोचलो तर वाळलेल्या शेवाळाचे दगड. दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या चौघांत मिळून अर्धी बाटली उरली होती. धाकटा तासभर रडत होता, मग रडायचा थांबला, आणि तो थांबला तेव्हा मला खरी भीती वाटली. ओठ पांढरे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले.

समोरून एक म्हातारा माणूस येत होता. एका हातात फांद्या छाटायची लांब दांड्याची कात्री, पाठीला करवत. त्याने मुलाकडे पाहिलं, खाली बसला, स्वतःची बाटली काढली आणि झाकणाने मोजून घोट-घोट पाणी पाजलं. अधूनमधून खारं बिस्किट. वीस मिनिटं आमच्याशी एक शब्द बोलला नाही. मग मुलाला पाठुंगळी घेतलं आणि एका जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याने आम्हाला खाली आपल्या गाडीपर्यंत नेलं. तिथून आमच्या गाडीपर्यंत सोडलं. मी बोलणी खायच्या तयारीत होते. त्यांनी माझ्या नकाशाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने आपला फोन नंबर लिहिला आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी निघायच्या आधी मला फोन करा. निघाल्यावर नको."

पुढच्या वर्षी मे महिन्यात आण्णा सोलापूरकडून आमच्याकडे आले. वय ६८. आई गेल्यानंतरचा त्यांचा पहिलाच प्रवास. एडिसनच्या फुटपाथवर रोज पहाटे तास-तास चालायचे आणि परत येऊन म्हणायचे, "अगं, इथं वाटंला माणूसच भेटत न्हाई." आम्ही पुन्हा ट्रेलला जायचं म्हणतोय हे कळल्यावर मीही येणार म्हणाले. एमा गेटवूड नावाच्या अकरा मुलांच्या आईने १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, ही अख्खी वाट एकटीने चालून काढली, पायात साधे कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर हाताने शिवलेली पिशवी, हे माझ्या थोरल्या मुलीने त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यानंतर त्यांना घरी बसवणं शक्य नव्हतं. मी फोन केला.

वॉरन काउंटीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो तुकडा ठरला. तुकडा सुंदर आहे की नाही हे सगळ्यात शेवटी बघायचं, असं ते म्हणाले. आधी पाणी. मग सुटका, म्हणजे काही बिनसलं तर तासाभरात गाडीरस्त्याला कुठून लागता येईल ते. मग चढ-उतार, आणि त्यातही उतार जास्त महत्त्वाचा, कारण चढ दमवतो पण उतार गुडघे काढतो. सहा वर्षांच्या मुलाला तासाला एक मैल धरा, थांबणं वेगळं. मग त्यांनी नकाशावर पाण्याला गोल केले, सुटकेच्या वाटांना फुल्या मारल्या आणि दोन गोलांच्या मध्ये एके ठिकाणी एक आडवी रेघ ओढली. ती कशाची, ते सांगितलं नाही.

तुकडा होता डनफील्ड क्रीकपासून मोहिकन आउटडोअर सेंटरपर्यंतचा. साधारण दहा मैल, आणि त्याला दोन दिवस. माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असणार. मी वीस मैलांचा हिशेब मनात धरून गेले होते. त्यांनी शांतपणे समजावलं. सुरुवातीला वाट ओढ्याच्या काठाने जाते, म्हणजे मुलांच्या कानात पाण्याचा आवाज असतो आणि बाटल्या भरून घेता येतात. पुढे जुन्या रस्त्यावरून संथ चढ. चार मैलांच्या आतच, सनफिश पाँडच्या अलीकडे, मुक्कामाची ठरलेली जागा. तिथे पाणी नाही, तेव्हा रात्रीचं पाणी खालूनच घेऊन चढायचं. तळ्यापासून गार्व्ही स्प्रिंग्जची वाट खाली नदीकाठच्या रस्त्याला जाते, ती पहिली फुली. दुसऱ्या दिवशी माथ्यावरून सपाट चाल, आणि शेवटी नळ आणि पलंग. हाच तुकडा उलटा केला तर सगळा उतार शेवटच्या दमलेल्या तासात येतो. "तुमचे वडील कठड्याला हात लावतात," ते म्हणाले, "म्हणून दक्षिणेकडून उत्तरेला जा."

निघताना त्यांनी एक काळा, जाड प्लॅस्टिकचा डबा हातात दिला. अस्वलाला उघडता येत नाही असा. न्यू जर्सीच्या त्या डोंगरात काळी अस्वलं भरपूर आहेत आणि खाण्याचं सोडाच, दात घासायची पेस्टसुद्धा तंबूत ठेवायची नाही. जूनमध्ये गोचिड्या फार, म्हणून विजारीची टोकं मोज्यात खोचायची आणि संध्याकाळी मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघायचं. लाइम रोग त्यांच्यातूनच होतो. हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं. डबा आण्णांनी भरला: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चिवडा. आधी झाकण फिरवून उघडता येईना तेव्हा म्हणाले, "अस्वलाचं सोड, माणसालाबी उघडत न्हाई ह्यो."

पहिल्या दिवसाबद्दल सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. मुलं ओढ्यात भिजली, धाकटा पांढरे पट्टे मोजत चालला. तीन वाजत आले तेव्हा त्याचा सूर बदलायला लागला, आणि त्याच क्षणी वाटेच्या कडेला बसायला सपाट असा मोठा खडक आला. मी नकाशा काढला. पेन्सिलीची ती आडवी रेघ तिथेच होती. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'इथे बसा. गोड द्या.' मी त्यांना सांगितलं होतं की हा तीनला किरकिरतो. त्यांनी आमची चाल धरून, थांबे धरून, तीन वाजता आम्ही कुठे असू ते काढलं होतं. मी मुलाला गुळाचा खडा दिला आणि त्या खडकावर बराच वेळ बसून राहिले. माझ्या मुलाचा विचार इतक्या बारकाईने माझ्या आईनंतर कुणी केला नव्हता.

रात्री सगळे गाढ झोपले.

सनफिश पाँड हे हिमनदीने कोरलेलं ४४ एकरांचं तळं आहे. डोंगराच्या माथ्यावर एवढं पाणी पाहून आण्णा काठाला उभे राहिले आणि त्यांनी तळ्याला हात जोडले. या तळ्याची गोष्ट मला आदल्या आठवड्यात त्या टेबलावरच कळली होती. १९५५ च्या ऑगस्टमध्ये डेलावेअर नदीला मोठा पूर आला, आणि त्यानंतर खाली टॉक्स आयलंडला धरण बांधायचं ठरलं. १९६२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. वर डोंगरात या तळ्याचा साठवण तलाव करून, रात्री पाणी वर चढवून दिवसा ते सोडून वीज करायची अशीही योजना होती. आपल्याकडे घाटघरला आहे तशीच. केसी केज नावाच्या इथल्याच एका माणसाने तळं वाचवण्यासाठी पुढाकार घेतला, लोक मोर्चाने डोंगर चढून आले, १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस स्वतः त्यांच्याबरोबर चालले. तळं वाचलं. धरणही शेवटी झालं नाही. १९७५ मध्ये काम थांबवायचं ठरलं.

पण तोवर खोरं रिकामं झालं होतं.

हे मला आण्णांबरोबर असताना, रॅकून रिजवर कळलं. पावणं तिथे आमची वाट बघत होते. त्यांनी सांभाळायला घेतलेला वाटेचा तुकडा तिथेच होता, हातात तीच कात्री होती. आण्णांनी नमस्कार केला, खडकावर त्यांच्या शेजारी बसले, आणि कुठल्याही अनोळखी माणसाला ते जो पहिला प्रश्न विचारतात तोच विचारला. "पावणं, गाव कंचं तुमचं?" मी इंग्रजीत सांगितलं. पावण्यांनी कात्रीच्या टोकाने पश्चिमेला खाली दाखवलं. नदी, तिच्यातली बेटं, आणि काठाने दाट झाडी. एकही छप्पर नाही.

त्यांच्या वडिलांची शेती तिथे होती. पाहाक्वारी हे त्या गावाचं नाव. धरणासाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा ते पंचविशीचे होते. घरं पाडली गेली. धरण बारगळलं तरी जमीन परत मिळाली नाही, ती सगळी राष्ट्रीय विहारक्षेत्रात गेली. १९९० च्या जनगणनेत गावात २० माणसं उरली होती, आणि १९९७ मध्ये ते गावच कागदावरून काढून शेजारच्या गावात विलीन केलं. पाहाक्वारी, किटाटिनी हे शब्द लेनापे लोकांचे, आणि ते तर त्याच्याही कितीतरी आधी इथून घालवले गेले. "आम्हीही इथे पहिले नव्हतो," पावणं म्हणाले. तेही मी आण्णांना सांगितलं.

आता आण्णांचं सांगायला हवं. आण्णांचं गाव कोयनेच्या खोऱ्यात होतं, बामणोलीजवळ. ते दहा-अकरा वर्षांचे होते तेव्हा धरणाचं पाणी आलं. गाव शिवसागर जलाशयाखाली गेलं आणि माणसं सोलापूरच्या माळावर. ज्या पोराने चार महिने कोसळणारा पाऊस पाहिला होता, त्याची आई पुढे दोन कोसांवरून पिण्याचं पाणी आणायची. हल्ली पोरं वासोट्याला जायला बामणोलीहून लाँचमध्ये बसतात, ती लाँच आमच्या गावावरून जाते. मी स्वतः कॉलेजच्या ग्रुपबरोबर तशी गेले आहे. सगळे गाणी म्हणत होते आणि मी खाली पाण्यात बघत होते. आण्णांना हे मी कधी सांगितलं नव्हतं. रॅकून रिजवर सांगितलं.

पूर्वेच्या अंगाला खाली यार्ड्‌स क्रीकचे जलाशय चकाकत होते. तिथेही पाणी वर चढवून वीज करतात, १९६५ पासून. आण्णांनी ते बराच वेळ पाहिलं, मग पश्चिमेची झाडी पाहिली. म्हणाले, "आमचं पान्याखाली गेलं, पन ईज तरी झाली. ह्यांचं कशापायी गेलं म्हनावं?"

मी भाषांतर केलं. पावण्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. कात्रीची पाती मिटली. मग म्हणाले, "म्हणून मी ही वाट साफ ठेवतो. ज्याला खाली घर नाही, त्याच्याकडे निदान वरून कुणीतरी येत-जात राहावं."

तोवर मला वाटत होतं की त्यांनी आमच्यासाठी पाण्याचा आणि गुडघ्यांचा हिशेब करून एक सोयीचा तुकडा निवडला. तो तर केलाच होता. पण त्यांनी आम्हाला आपल्या गावाला बोलावलं होतं.

शेवटचे दोन-अडीच मैल दोघे म्हातारे पुढे चालत होते. एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी. वाटेत आडवी आलेली फांदी एकाने छाटायची आणि दुसऱ्याने उचलून बाजूला टाकायची, असं त्यांचं चाललं होतं. मोहिकनला पोचल्यावर आण्णांनी नळावर हातपाय धुतले आणि डब्यातली उरलेली दशमी मोडून अर्धी त्यांना दिली.

डबा परत द्यायचा तर रिकामा कसा द्यायचा? मी त्यात बेसनाचे लाडू भरले. तो माझ्याकडे परत आला तेव्हा त्यात सफरचंदं होती. मग चकल्या गेल्या, मेपलचा पाक आला. सोलापूरहून आण्णा फोनवर आधी मुलांची चौकशी करायचे आणि मग विचारायचे, "पावन्यांचा डबा धाडलास का?" दर वर्षी पावणं आम्हाला पुढचा तुकडा काढून द्यायचे. २०१९ ला पोचकच्या दलदलीवरची लाकडी वाट, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून बांधलेली. २०२१ ला न्यूयॉर्कमधला बेअर माउंटनचा, ट्रेलचा सगळ्यात आधी, १९२३ मध्ये खुला झालेला भाग. मुलांची उंची वाढली तसे मैल वाढले. पेन्सिलीची आडवी रेघ मात्र प्रत्येक नकाशावर असायची, आणि धाकटा मोठा झाल्यावर त्यांनी ती माझ्यासाठी ओढायला सुरुवात केली होती, हे मला उशिरा कळलं.

२०२२ च्या हिवाळ्यात ते गेले. डबा तेव्हा आमच्याकडे होता, करंज्या भरून ठेवलेला. आण्णांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "त्यांच्या वाटंचं आता कोन बघतंय?"

न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स ही १९२० पासूनची संस्था या दोन राज्यांतला ट्रेल सांभाळते, आणि तेही स्वयंसेवकांच्या जिवावर. त्या वसंतात आम्ही तिथे आमचं नाव दिलं. पडलेली फांदी कशी कापायची, पाणी वाटेवरून बाजूला कसं काढायचं, हे थोरली माझ्यापेक्षा लवकर शिकली.

न्यू जर्सीतल्या ज्या मराठी घरांना लहान मुलं किंवा म्हातारे आईवडील घेऊन या वाटेवर जायचं असेल, त्यांनी तो डबा घेऊन जावा. सोबत नकाशाची प्रत मिळते, खुणांसकट. पण आधी आमच्या टेबलावर बसून त्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. गेल्या उन्हाळ्यात चार कुटुंबांनी नेला. सध्या तो एडिसनमधल्याच एका घरी आहे. त्यांची आजी नागपूरहून आली आहे आणि जिना उतरताना कठडा धरते.